पेन्सिलीतल्या दोन उंच्या

मोजणीताईंचं खरं नाव संशोधन केंद्रात पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. बावीस वर्षं त्या दोनशे चौदा मुलांची उंची मोजत आल्या होत्या, दर सहा महिन्यांनी, घरोघरी जाऊन. तान्ही फळीवर आडवी निजवून, मोठी भिंतीला टाचा टेकवून. दारातूनच त्या मुलाचं पूर्ण नाव पुकारायच्या, आतून ‘आहे’ आलं की मोजायला बसायच्या. रडणाऱ्या पोराला गप्प करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं. आणि शिस्त अशी की मोजलेला आकडा शाईनंच लिहायचा, तोही जागच्या जागी. घरी जाऊन आठवून लिहिणाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

निवृत्तीला तीन महिने उरले आणि वरून पत्र आलं. संशोधन सरकारी पैशातून, म्हणजे लोकांच्या पैशातून झालंय. तेव्हा निष्कर्षांबरोबर सगळे आकडेही लोकांना खुले करा, असं त्यात होतं. नावं, पत्ते, जन्मतारखा गाळायच्या, नुसता क्रमांक ठेवायचा. माहीत असलेल्या चुका सोबतच्या टिपेत कबूल करायच्या. आणि प्रत्येक घराची नव्यानं संमती घ्यायची, कारण आकडे केंद्राबाहेर जाणार नाहीत असं जुन्या कागदावर लिहून दिलेलं होतं. तरुण मंडळींनी कपाळाला हात लावला, संगणकवाल्यानं तर रजेचाच अर्ज टाकला. मोजणीताईंची अडचण मात्र वेगळीच होती. त्यांना क्रमांक एकशे सत्तेचाळीस आठवला.

ती मुलगी चार वर्षांची व्हायच्या आधीच तापानं गेली होती. मोजणीताईंना पत्ता नव्हता. नेहमीसारख्या पिशवीत फळी घालून त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं. आईनं आत बसवलं, पाणी दिलं, आणि बऱ्याच वेळानं विचारलं की आता ती किती उंच झाली असती. मोजणीताईंनी मागची पानं पाहून हिशेब केला आणि साडेनव्व्याण्णव म्हणाल्या. लिहा ना, आई म्हणाली. त्यांनी लिहिलं. शाईनं हात धजेना म्हणून पेन्सिलीनं. सहा महिन्यांनी पुन्हा तसंच, एकशे तीन. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी मन घट्ट केलं आणि रकान्यात ‘घरी सापडली नाही’ असं लिहून टाकलं. आता ते तर सगळ्यात मोठं खोटं. पण गेली, हा शब्द त्यांच्याच्यानं लिहवला नाही. टंकलेखकाला शाई काय नि पेन्सिल काय, त्यानं सगळं सरसकट यंत्रात भरलं. याला अकरा वर्षं झाली.

दोनशे चौदा मुलांच्या आकड्यांतले दोन, कोण बघतंय, असं त्या आठवडाभर स्वतःला समजावत राहिल्या. पण ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांना जागच्या जागी लिहायला लावलं, तिला ते पचेना. शेवटी वही घेऊन त्या प्रमुख डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. जाताना कपाळावर डाग नको होता हो, एवढं म्हणून त्यांनी वही टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाई रागावल्या. तेव्हाच का नाही सांगितलंत, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग त्यांनी वहीतल्या त्या फिकट आकड्यांवरून बोट फिरवलं.

“दोन्ही आकडे काढावे लागतील, ताई. टिपेत कारणही लिहावं लागेल. तुमचं नाव नाही येणार.”

“माझं जाऊ द्या,” मोजणीताई म्हणाल्या. “तिच्या आईला मी सांगते.”

दोनशे तेरा घरांच्या सह्या झाल्या, तरी त्या घराकडे त्यांचे पाय वळेनात. अखेर एका दुपारी गेल्या. आईचे केस पिकले होते. तिनं ओळखलं, तसंच पाणी दिलं. मोजणीताईंनी कागद पुढे केला, नियम समजावला आणि मान खाली घालून म्हणाल्या, की त्या दोन उंच्या आता पुसाव्या लागतील.

आई कागदाकडे बघत राहिली. “खऱ्या किती आहेत?”

“आठ. पहिली जन्मल्या दिवशीची.”

“मग आठच जाऊ द्या. त्या दोन मी मागून घेतलेल्या. तिच्या नव्हत्याच त्या.” तिनं सही केली. पेन मात्र लगेच परत दिलं नाही. “हे बघणार कोण?”

“कुणीही. लांबच्या कुठल्या तरी गावी एखादी पोर मुलांच्या वाढीचा अभ्यास करत असेल, ती बघेल.”

“तिला हिचं नाव कळेल?”

“नाही. एकशे सत्तेचाळीस एवढंच. नियमच आहे तसा.”

आईनं पेन त्यांच्या हातात ठेवलं. “अकरा वर्षांत या घरात कुणी तिचं नाव घेतलेलं नाही. मला त्रास होईल म्हणून. तुम्ही घ्या की एकदा.”

मोजणीताईंना वही उघडावी लागली नाही. दर मोजणीला पुकारायच्या तसं, वडिलांच्या नावासकट, त्यांनी ते पूर्ण म्हटलं. आई “आहे” म्हणाली.