वहीला पाय लागला

घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत मी कितीतरी वर्षं संध्याकाळचा मोफत वर्ग चालवला आणि गेल्या वर्षी एका वाक्यासरशी बंद केला. वाक्य सुनीताचं होतं. ती माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, बी.कॉम. झालेली, आता मॉलमध्ये दिवसभर उभी राहून बिलं करते. मुलीला वर्गात पाठव म्हणून मी मागे लागले, तेव्हा ती फटकन म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणायचात ना, शीक, गरिबी जाईल. शिकले ना मी? गेली का?" घरी आले आणि देव्हाऱ्यातल्या सरस्वतीवरच रुसले. फूल रोज वाहत होते, पण हात जोडताना मन भलतीकडेच असे. आपण इतकी वर्षं पोरांशी खोटं तर बोललो नाही ना, हा एकच किडा डोक्यात वळवळत होता.

अशात मुलाने टांझानियाला बोलावून घेतलं. तो तिथे नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसतर्फे एका खेड्यातल्या शाळेला वह्या द्यायच्या होत्या. "आई, चल ना, तुझाच विषय आहे," म्हणाला. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. आणखी एक गरीब शाळा बघून मी काय करणार होते?

पत्र्याचं छप्पर, मातीची जमीन, एका खोलीत साठ-सत्तर मुलं खाली बसलेली. एकेक वही मधोमध कापून दोघांत वाटलेली. अक्षर मोहरीएवढं, कारण कागद पुरवून वापरायचा. मला भरून आलं आणि रागही आला. या लेकरांनाही कोणीतरी तेच सांगितलं असणार, शिका, गरिबी जाईल.

त्याच तंद्रीत पुढे सरकले आणि पायाखाली एका मुलीची अर्धी वही आली. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, तेच झालं. वाकले, वहीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. मग त्या मुलीला काय वाटलं कोणास ठाऊक, तिनेही वही उचलून कपाळाला लावली. तिचं पाहून शेजारणीने, आणि बघता बघता सगळ्या वर्गाने. पाहुण्या बाईंच्या देशात नमस्कार असाच करतात, असं त्यांना वाटलं असावं. हसावं की रडावं, मला कळेना.

"आई, या बाई विचारतायत, हे काय केलंस?" मुलाने तिथल्या शिक्षिकेचा प्रश्न मला सांगितला.

"सांग, पाय लागला म्हणून क्षमा मागितली."

त्याने सांगितलं. त्यांनी अगदी साधेपणाने पुढे विचारलं, "कोणाची?"

वहीची म्हणावं तर वेडेपणा. देवीची म्हणावं तर वर्षभर तिच्याशी धड बोलले नव्हते. आणि त्या क्षणी डोळ्यांसमोर देवी आलीच नाही, सुनीता आली. मॉलच्या गणवेशातली, थकलेली. त्या अनोळखी बाईने माझा हात हातात घेतला. बहुतेक मी रडत होते.

परत आल्यावर थेट सुनीताचं दार गाठलं. म्हटलं, "गरिबी जाईल असं मी सांगायला नको होतं गं. ते माझ्या हातात नव्हतं. माझं चुकलं."

"काय हो बाई, असं काय बोलता!" ती गडबडली. मग बराच वेळ भांडीच आवरत राहिली. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर्ग सुरू करा, उद्यापासून पाठवते हिला. शिकवा. फक्त पुढे काय होईल, ते सांगू नका."

वर्ग पुन्हा सुरू झाला. पाय नेमका तिथेच का पडला, हे मला आजही उमगलेलं नाही, आणि त्या सत्तर मुलांचं काय होईल तेही नाही. पण ज्याने कोणी तो पाडला, त्याचे उपकार मानते. रोज दिवा लावून देवीला इतकंच सांगते, शिकवणं माझं, पुढचं तुझं.

परवा सुनीताच्या मुलीने विचारलं, "बाई, शिकून काय होतं?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "वही उघड."