पणमावशीचे चार जोड

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे पाठीमागे ‘पणमावशी’ म्हणायचे. तिला काहीही सांगा, उत्तर ‘पण’पासूनच सुरू. सोलर पॅनेलच्या पट्ट्या तार वितळवून जोडण्यात, म्हणजे सोल्डर करण्यात, तिची बावीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांत तिने कोणावर पुरता विश्वास ठेवलेला कोणी पाहिला नाही. चहात साखर घातली आहे म्हटलं, तरी ती ढवळून बघणार.

मला दिवस गेले आणि तिच्या संशयाला नवं काम मिळालं. माझी खुर्ची तिच्या शेजारीच. जुन्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं, ते बोटांवाटे पोटात जातं आणि बाळालाही सोडत नाही, हे तिने कुठेतरी वाचलं. तशीच उठून ती मालकीणबाईंच्या केबिनमध्ये शिरली.

“बाई, ते पर्यावरणाचं प्रमाणपत्र काढा. शाळांच्या छपरांसाठी आता तेच मागतात म्हणे.”

“त्यासाठी बिनशिशाची तार लागते, आणि ती महाग पडते, मावशी.”

“पण शाळांचं काम मिळालं तर?”

बाईंनी महिनाभर टाळलं, पण मावशी हटली नाही. शेवटी ठरलं, प्रमाणपत्र मिळालं तर नवी तार कायमची, नाहीतर जुनीच परत. नवी तार आली, नमुन्याचं पॅनेल तयार झालं आणि प्रयोगशाळेत गेलं. पंधरा दिवसांनी अहवाल आला. चार जोडांत शिसं सापडलं होतं.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” मावशी म्हणाली, आणि हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागली. तिने रिळांवरची लेबलं नखाने खरवडून पाहिली. स्टोअरवाल्याच्या कपाटाची झडती घेतली.

“मावशी, माझ्या बायकोनेही एवढी उलटतपासणी घेतली नाही कधी!” तो वैतागला.

तो हसला असता तर तिला आणखी संशय आला असता. सांगायला लाज वाटते, पण मीही त्या भल्या माणसाकडे तिरक्या नजरेने बघू लागले होते.

सगळ्यांचं बोट अखेर तार पुरवणाऱ्यावर येऊन थांबलं. त्यानेच फसवलं असं पत्र बाईंनी तयार केलं आणि मावशीला बोलावलं. तिच्यासोबत मीही गेले. बाई म्हणाल्या, “तुम्ही सगळ्यांत जुन्या. साक्षीला सही करा.” पत्रासोबत प्रयोगशाळेने पाठवलेले त्या चार जोडांचे फोटो होते.

मावशीने चष्मा लावला. बिनशिशाचा जोड मळकट दिसतो. हे चारही लखलखत होते, आणि प्रत्येकाचं टोक डावीकडे ओढलेलं होतं. कारखान्यात डावखुरी एकटी तीच.

तिचा चेहरा उतरला तसं माझ्याही लक्षात आलं. पॅनेल पाठवायच्या आदल्या दिवशी तिला ते जोड भिकार वाटले होते, आणि परीक्षेला निघालेल्या पोरीची वेणी नीट करावी तसा तिने जुन्या तारेने त्यांच्यावर हात फिरवला होता. आपलं काम लोकांसमोर मळकं जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

सही केली असती तर प्रकरण मिटलं असतं. खरं सांगते, तिने सही करावी असंच मला वाटत होतं.

“बाई, हे जोड माझे आहेत,” मावशी म्हणाली.

बाईंनी पत्र फाडलं. “दुसरा नमुना एकदाच देता येतो. जुन्या तारेचा तुकडासुद्धा इथे राहता कामा नये.”

दुपारी सगळी टेबलं तपासली. मावशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “माझ्याकडे तुकडाही नाही, पण माझं टेबल तू बघ.”

“तू नाही म्हणतेस ना? मग झालं.”

“तरी बघ.”

मी एकेक खण उघडला. तिसऱ्यात, हातमोज्यांखाली, जुन्या तारेचं अर्धं रीळ निघालं.

“हे माझ्या ध्यानातच नव्हतं गं,” मावशी म्हणाली. माझा एक हात पोटावर गेला, आणि तिचं बोलणं खरं मानावं की नाही, हे मला कळेना.