ढोरांचे पास्टर

आमच्या जळगाव जामोदात नोकरीधंद्यासाठी बाहेरून पुष्कळ माणसं आली आणि गेली, पण स्वतःच्या कामात इतका सपशेल नापास होऊन तालुक्याला इतका हवाहवासा झालेला माणूस आमच्या शेजारच्या पास्टरांशिवाय दुसरा झाला नाही. मी आयुष्यभर मास्तरकी केली. नापासांची मला चांगली पारख आहे. पास्टर केरळातून आले ते येशूचा निरोप सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोचवायला. सोबत एक पत्र्याची पेटी, एक गिटार आणि जुन्या भाषांतराचं मराठी बायबल. माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या, पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, दारावर ‘प्रार्थनागृह’ अशी पाटी लावली आणि लोकांची वाट पाहत बसले. पहिल्याच दिवशी बरेच लोक आले, पण ते गिरणी कुठे हलवली हे विचारायला. त्या खोलीत आधी पिठाची गिरणी होती. पास्टरांनी प्रत्येकाला पाणी दिलं, विचारत विचारत नव्या गिरणीपर्यंत सोबत चालत गेले, आणि दोघा म्हाताऱ्यांचे डबे स्वतः उचलून नेले. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “आरंभ उत्तम झाला.”

त्यांची मराठी हा वेगळाच विषय. ती ते बायबल वाचून शिकले होते आणि जशी शिकले तशीच बाजारात वापरत. वांगी घेताना म्हणत, “भगिनी, मजवर कृपा कर आणि कोवळी निवडून दे.” भाजीवाली बिचकून वर दोन वांगी जास्तीची घालायची. एसटी चुकली तर स्टँडवर उभे राहून हात उंचावत, “पाहा, ती निघून गेली आहे!” आणि ज्यांची चुकली नव्हती तेही दचकून पाहत. पुढे आमची वऱ्हाडी कानावर पडून पडून त्यात मिसळू लागली. एका रविवारी भिंतीपलीकडून त्यांचा खणखणीत आवाज आला, “भिऊ नका बे! देव तुम्हांवर प्रीती करून राह्यला!” इकडे माझी बायको भाकरी थापता थापता हसून हसून रडली. मी त्यांना समजावलं की देवाच्या कामात ‘बे’ चालत नाही. त्यांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, “गुरुजी, मग मित्रांमध्ये चालते काय?” चालते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी भर चौकात, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांदेखत, ते मला म्हणाले, “काय बे गुरुजी!” शिकवलं मीच होतं, तक्रार कुणाकडे करणार?

रविवारच्या त्यांच्या प्रार्थनेला नेमाने येणाऱ्यांत एक सरकारी दवाखान्यातली नर्सबाई होती आणि मलकापूरहून मुलीकडे राहायला आलेले रेल्वेतले एक निवृत्त गार्ड. दोघंही जन्मापासूनच ख्रिस्ती. त्यातून गार्डसाहेबांना ऐकू कमी यायचं. तरी पास्टर तयारी अशी करत की जणू मैदान भरणार आहे. शनिवारी दिवसभर गिटारवर चाली बसवत. त्यांचा आवाज चांगला होता, पण एकदा वर गेला की लवकर खाली येत नसे.

आठवड्यातले तीन दिवस ते जुन्या लूनावर बसून डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वस्तीवर जात. तिथले लोक त्यांचं सगळं मन लावून ऐकत, गाणी म्हणत आणि मग आपापल्या कामाला लागत. असंच एकदा ते येशूच्या चमत्कारांविषयी सांगत असताना एका म्हातारीने त्यांचा हात धरला आणि त्यांना सरळ गोठ्यात नेलं. तिची म्हैस दोन दिवस खात नव्हती, पोट फुगलं होतं. “इच्यासाठी म्हन काईतरी,” ती म्हणाली. पास्टर माणसांसाठी आलेले. पण नाही कसं म्हणणार? म्हशीच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. म्हशीने त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ते तिथूनच लूनावर बसले आणि थेट गुरांच्या दवाखान्यात आले. डॉक्टर एकटे आणि गावं पुष्कळ. पास्टर पायरीवर बसून भजनं म्हणू लागले. तिसऱ्या भजनाला डॉक्टर बॅग घेऊन बाहेर आले. म्हैस वाचली, आणि वस्तीवर एवढंच पसरलं की या बाबाने हात ठेवला की ढोर उठतं. मग काय! गाई, बकऱ्या, एक आंधळा बैल, सगळे प्रार्थनेला हजर. पास्टर हात ठेवत आणि मागोमाग डॉक्टरांना आणत. लोक त्यांना ‘ढोरांचे पास्टर’ म्हणू लागले. ते थोडे हिरमुसले, पण पेटीत बायबलशेजारी जंताच्या औषधाची बाटली आली ती कायमची.

गेल्या वर्षी मात्र कुणीतरी तक्रार केली की हा माणूस आमिष दाखवून भोळ्या लोकांचा धर्म बदलतो. सकाळी दोन शिपाई येऊन त्यांना ठाण्यावर घेऊन गेले. मी खिडकीतून पाहिलं आणि बायकोला म्हणालो, अंघोळ करून जातो. खरं तर माझी अंघोळ केव्हाच झाली होती. ती पदर खोचत म्हणाली, “तुमच्यानं होत नसन त मी जातो.” तेव्हा मी निघालो.

ठाण्यावर माझ्याआधीच वस्तीवरच्या बायका येऊन बसल्या होत्या. ती म्हातारी सगळ्यांत पुढे. साहेब पास्टरांना विचारत होते, “आजपर्यंत किती लोकांचा धर्म बदलला?”

पास्टरांनी मान खाली घातली. “खचित सांगतो साहेब, एकाचाही नाही.”

“खरं सांगा.”

“खरेच आहे. मजलाही त्याचे वाईट वाटते.”

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी म्हातारीला विचारलं, “आजी, यानं तुम्हाला काही देलं का?”

“तो काय देईन? आमीच त्याले भुट्टे देतो. घेत नाई, त त्याच्या गाडीले बांधून देतो,” म्हातारी म्हणाली. “देवाचं लय सांगते बिचारा. आमी आयकतो. पन आमचा देव हाये ना आमच्यापाशी! त्याले मालूम हाये ते. तरी येते. तुमी याले इथं बसवून ठेवलं त ढोराचा डाक्टर कोन आनन?”

साहेबांनी हसू दाबलं आणि मला विचारलं, “गुरुजी, तुम्ही ओळखता यांना?” मी म्हणालो, “हो, बाजूला राहतात.” एवढंच. इतक्या वर्षांनंतर मला एवढंच सुचलं.

पास्टर सुटले. पण खोल्यांचा मालक घाबरला आणि त्याने जागा सोडायला सांगितली. गावात दुसरी जागा कुणी देईना. वस्तीवरचे लोक झोपडी बांधून द्यायला तयार होते. आपल्यामुळे त्यांना त्रास नको, म्हणून पास्टरच नाही म्हणाले. माझ्या माडीवरची खोली रिकामी होती. मुलगा सुट्टीत आला तर लागेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. महिन्याभरात त्यांच्या संस्थेने त्यांना केरळात परत बोलावलं.

त्यांना पोचवायला मी मलकापूर स्टेशनपर्यंत गेलो. गाडीला तासभर उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या मी विचारलं, “इतक्या वर्षांत तुम्ही सगळ्यांना प्रार्थनेला बोलावलं. मलेच एकदाही काऊन नाही म्हटलं?”

ते जरा विचारात पडले. “गुरुजी, मी दिवसभर लोकांस काही ना काही सांगत असे. तुमच्या ओट्यावर आलो म्हणजे मजला काहीच सांगावे लागत नसे. नुसते बसता येत असे. ते मोडायचे नव्हते.”

माडीवरच्या खोलीचं त्यांच्याशी एकदा बोलावं, म्हणून तर मी इतक्या लांब आलो होतो. गाडी आली. मी त्यांची पेटी आत चढवली, जागेवर नीट सरकवून दिली, आणि खाली उतरलो.