बत्तीस बोअरच्या गोळ्या

आमच्या सासरी हातात मावणाऱ्या कुठल्याही बंदुकीला पिस्तूलच म्हणतात. माझ्या माहेरी, कोथरूडला, तो शब्द उच्चारायची वेळच कधी आली नव्हती. वडील शाळेत शिकवायचे, आई घरी शिकवण्या घ्यायची, आणि आमच्याकडचं सगळ्यांत धारदार हत्यार म्हणजे विळी. लग्न करून मी मांजरीला आले ती शेतकऱ्याच्या घरात. थोडी जमीन रस्त्यात गेली, थोडी इमारतींखाली गेली, आणि उरलेल्या तुकड्यावर माझ्या नवऱ्याने पेट्रोल पंप टाकला.

पंपाची रोकड बँकेत भरायला हे स्वतः जायचे. एका दुपारी उसाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर दोघांनी यांची मोटारसायकल अडवली. पिशवी गेली ती गेलीच, वर उजव्या खांद्यावर लोखंडी सळई बसली. ऑपरेशन झालं, हात वाचला, पण तो खांद्याच्या वर जाईना. शर्ट चढवायला मदत लागायची, गाडी तर चालवताच येईना. त्या दिवशी काय झालं ते यांनी पोलिसांना सांगितलं तेवढंच. घरात कुणी विचारलं की म्हणायचे, "झालं ते झालं," आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मग रोकड न्यायचं काम माझ्याकडे आलं. आणि यांनी डोक्यात एकच घेतलं, की बायको मोकळ्या हातांनी त्या रस्त्याने जाता कामा नये. अर्ज माझ्या नावाने केला. पोलिसांची चौकशी, बंदूक हाताळायचं प्रशिक्षण, पुन्हा चौकशी, असं करत करत परवाना हातात आला. सरकारी कारखान्यातून बत्तीस बोअरचं, म्हणजे बत्तीस मापाच्या नळीचं, रिव्हॉल्व्हर आलं. सासूबाईंनी ते लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "देवघराच्या खोलीत नगं ठिवू. आन् पोरी, ह्येनं मानूस मरतंय का नुसतं भ्यातंय?"

मी म्हटलं, "आई, अजून त्यात गोळ्याच नाहीत."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या.

गोळ्या आणायला आम्ही दोघं शहरातल्या एका जुन्या दुकानात गेलो. काउंटरमागे सत्तरीचे एक गृहस्थ होते, पांढरा शर्ट, कानात ऐकायचं यंत्र. परवाना मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि मान वर करून विचारलं ते यांना. "काय हवंय?"

"बत्तीसच्या गोळ्या द्या. पिस्तुलाच्या," हे म्हणाले. मग जरा पुढे वाकून म्हणाले, "व्हिडिओत दाखवतात तसल्या आहेत का? पोकळ टोकाच्या?"

"आमच्याकडे नसतात त्या. असत्या तरी आपल्याला युद्धावर जायचंय का?"

हे हसले नाहीत. गृहस्थांनी एक खोकं काढलं. आत तांब्याच्या रंगाच्या गोळ्या ओळीने उभ्या होत्या, नव्या नाण्यांसारख्या चकाकत्या. हे म्हणाले, "हां, ह्या भारी दिसतात." वहीत नोंद झाली, परवान्यावर नोंद झाली, माझी सही झाली. त्या सगळ्या वेळात मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. प्रशिक्षणात माझ्या हाती जे दिलं ते मी चालवलं होतं, गोळ्या कुणीतरी आधीच भरून ठेवलेल्या असायच्या. गोळ्यांमध्येही निवडायचं काही असतं हे माझ्या गावीही नव्हतं.

घरी येऊन मी त्या भरल्या. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चकतीत एकेक गोळी अलगद जाऊन बसली. त्यानंतर कितीतरी दिवस मी ते पर्समध्ये घेऊन बँकेत जात होते. उसाच्या कडेला आले की गाडीच्या काचा वर करायच्या, पर्स मांडीवर घ्यायची. धीर येईल असं वाटलं होतं, पण उलट मी सारखी आरशात मागचा रस्ता पाहत राहायचे. एकदा मागून एक मोटारसायकल बराच वेळ येत राहिली, आणि ती वळून गेल्यावर पर्समधला हात बाहेर काढून मी गाडी बाजूला घेतली. तेव्हाच ठरवलं, की रिव्हॉल्व्हर आपल्याला नीट चालवता येतं का ते एकदा पाहायचं, नाहीतर घरी ठेवून द्यायचं.

शहराबाहेर, खडकवासल्याच्या बाजूला, नेमबाजीची एक खासगी रेंज आहे. तिथे शिकवणारी बाई पस्तिशीची होती, स्पर्धा खेळलेली, केस घट्ट बांधलेले. हे मागे बाकावर बसले. तिने यांच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "तुमचं आहे ना? मग तुम्हीच उघडा. तोंड तिकडे, मातीच्या भिंतीकडे."

मी चकती बाहेर काढली. तिने वाकून पाहिलं आणि हात आडवा धरला. "थांबा. बोट लांब ठेवा. ह्या कुणी दिल्या तुम्हाला?"

"दुकानातून घेतल्या. बत्तीसच्या आहेत."

"बत्तीसच्याच आहेत, पण पिस्तुलाच्या, मुठीतल्या खोबणीत भरायच्या. हे रिव्हॉल्व्हर आहे, फिरत्या चकतीचं." तिने एकेक गोळी काढून टेबलावर ठेवली. मग स्वतःच्या डबीतून एक काढून शेजारी उभी केली. ती लांब होती, टोक शिशाचं, राखाडी, मळकं. माझ्या चकचकीत गोळ्या तिच्यापुढे बुटक्या दिसत होत्या. "आकडा एकच लिहिलेला असतो आणि ह्या आत बसतातही. म्हणून तर लोक फसतात."

"उडवल्या असत्या तर?"

"कदाचित काहीच झालं नसतं. पण ह्यांचा जोर जास्त असतो. तुमच्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असं मी सांगणार नाही. हातात फुटलं असतं तर?"

मी बाकाकडे पाहिलं. हे उभे राहिले होते. चेहरा असा पडला होता की मला त्यांचाच आधी विचार आला. मला खरं तर राग यायला हवा होता. पण मला आठवतंय, त्या क्षणी मला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस मी ते मांडीवर घेऊन फिरले, ती मोटारसायकल मागे होती तेव्हा माझं बोट कुठे जाऊन पोहोचलं होतं ते मलाच माहीत, आणि तरीही काही झालं नव्हतं. माझी बोटं जागच्या जागी होती. मी ती टेबलावर पसरून पाहिली. ती बाई म्हणाली, "पाणी घ्या आधी."

मग तिने आपल्या डबीतल्या गोळ्या दिल्या आणि मी झाडल्या. पहिल्या दोन मातीत गेल्या. पुढच्या कागदावर लागल्या, मध्यावर नाही, पण कागदावर. आवाज मोठा होता, झटका मला वाटला होता त्याहून कमी.

"आता सांगा," ती म्हणाली, "तुम्हाला हे कशासाठी हवंय?"

"पैसे न्यायचे असतात, म्हणून."

"पैशासाठी नाही. पैसे मागितले तर देऊन टाकायचे. जिवावर बेतलं तरच हे बाहेर काढायचं. मग गोळी कसली हवी? दर वेळी उडणारी, आणि तुमच्या हाताला झेपणारी. बाकी काही नको. दुकानात सपाट टोकाच्या दाखवतील, परदेशी. त्या नेम धरून कागद फोडायला चांगल्या. तुम्ही साध्या शिशाच्या, गोल टोकाच्या घ्या, नव्या खेपेतल्या. त्याच खोक्यातल्या काही इथे येऊन उडवून बघा. अडखळल्या नाहीत तर उरलेल्यांवर भरवसा ठेवा."

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा दुकानात गेलो. या वेळी हे बाहेर रसवंतीच्या बाकावर बसले. मी एकटीच आत गेले आणि उघडलेलं खोकं काउंटरवर ठेवलं.

"ह्या पिस्तुलाच्या आहेत. माझ्याकडे रिव्हॉल्व्हर आहे. परवान्यावर तसं लिहिलंय."

गृहस्थांनी चष्मा लावून परवाना वाचला. सावकाश वाचला. "साहेब पिस्तूल म्हणाले."

"परवाना साहेबांच्या नावावर नाही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "बरोबर आहे. मी वाचायला हवं होतं." पुण्यातल्या दुकानदाराने असं म्हणावं, याचं मला आजही नवल वाटतं. लगेच ते सावरले. "पण आपणही तेव्हा मूग गिळून उभ्या होतात."

"आता नाही गिळलेले. गोल टोकाच्या, शिशाच्या द्या. आणि कधी बनवलेल्या आहेत ते दाखवा."

त्यांनी आधी सपाट टोकाची परदेशी डबी पुढे केली, मी ती मागे सारली. मग त्यांनी आतून दुसरं खोकं आणलं, झाकणावरचा शिक्का माझ्यापुढे धरला आणि माझी मान हलेपर्यंत थांबले. जुन्या परत घेतल्या, नोंदी दुरुस्त केल्या. निघताना म्हणाले, "उडवून बघा. अडखळली तर सांगायला या." मी हो म्हटलं.

गाडी मीच चालवत होते. हडपसरच्या गर्दीत अडकलो असताना हे अचानक बोलायला लागले.

"मी पिशवी दिली होती गं."

मला आधी कळलंच नाही. "कुठली?"

"त्या दिवशी. त्यांनी मागितली आणि मी दिली. झटापट वगैरे काही झाली नाही. सगळ्यांना वाटतं मी दोन हात केले. दिल्यावर मारलं त्यांनी, जाता जाता." ते काचेबाहेर पाहू लागले. "म्हणून मला वाटायचं, तुझ्याकडे तरी काहीतरी भारी असावं."

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी गाडी पुढे घेतली. म्हटलं, "बरं केलंत दिलीत ते. ती बाई काय म्हणाली, ऐकलंत ना? मागितले तर देऊन टाकायचे."

"ऐकलं. तेव्हाच वाटलं, सांगावं."

घर येईपर्यंत ते बोलत राहिले. ते दोघं कसे होते, एकजण किती लहान दिसत होता, आपण जमिनीवर पडल्यावर उसाची पानं कशी डोळ्यांपुढे हलत होती. पोलिसांना न सांगितलेलं, मला न सांगितलेलं, सगळं. मी मुद्दाम गाडी हळू चालवली. घरी पोचलो तेव्हा सासूबाईंनी दारातच विचारलं, "घावल्या का बराबर गोळ्या?" हे म्हणाले, "घावल्या," आणि आत जाऊन डाव्या हाताने स्वतःच शर्ट काढायला लागले.

नव्या खोक्यातल्या गोळ्या मी रेंजवर झाडून पाहिल्या. एकही अडखळली नाही. तेव्हापासून आजपर्यंत रस्त्यावर एकही झाडावी लागलेली नाही. आता पंपावर बरेच जण मोबाइलवर स्कॅन करून पैसे देतात, बँकेची खेप आठवड्यातून एखादीच होते, आणि हे माझ्या शेजारच्या सीटवर बसून येतात. उसाच्या कडेला आलो की मी काच खाली करते. तिथे वारा चांगला लागतो.