रेडिएटरवरचा पेपर आणि डावीकडचं दार

मंडळी, हात अजून काळे आहेत, पण जीव भांड्यात पडलाय.

ज्या दोन दारांच्या परदेशी गाडीवर माझ्या बाबांनी वीस वर्षं ड्रायव्हरकी केली, तीच गाडी मी भंगारात जाता जाता विकत घेतली. दोन वर्षं खपून उभी केली. नागपूरचा उन्हाळा झेपावा म्हणून इंजिन थंड ठेवणारा जुना पंखा काढून विजेवर चालणारा बसवला. बाबा तेव्हापासून रुसलेले.

आज ती रंगवून झाली, बाबा आणि मी पेंटरकडून आणायला गेलो. बाबांना म्हटलं, बाजूला बसा. "ती जागा मालकाची हाय," म्हणाले आणि स्कूटरवर मागून आले.

सदर भागात पोचेस्तोवर बॉनेटमधून वाफ!

"म्हणलो होतो ना वं, पंख्याले हात नको लावू!" बाबा कडाडले. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

मग त्यांनी चष्मा लावून पुढच्या जाळीतून आत पाहिलं आणि हसायलाच लागले. "अवं, इथं तर कोणी पेपर वाचाले ठेवला हाय!"

आत रंग उडू नये म्हणून पेंटरने रेडिएटरवर चिकटवलेला पेपर तसाच राहिला होता. हवा लागणार कुठून? मीही निघताना पाहिलं नाही.

पेपर काढला, इंजिन निवू दिलं, पाणी भरलं. गाडी सुरू केली, तापमानाचा काटा मध्यावरच थांबला.

"पंखा बरा हाय तुया," बाबा हळूच म्हणाले.

मी डावीकडचं दार उघडून धरलं, जसं ते मालकासाठी धरायचे. बाबा थबकले. मग चपला झटकून आत बसले.

स्कूटर अजून सदरलाच उभी आहे. तिकडून कोणी येतंय का?