कुलूपकाकांची तीन कामं

कोणी कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकायला लागलं की कुलूपकाका खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे तोंड करून बसायचे. समोरचा "झालं, काका" म्हणेपर्यंत मान वळायची नाही. समोर शेठजी असले तरी तेच.

जालन्यात अंबड रोडवर शेठजींची बियाण्यांची कंपनी होती, आणि तिथले सगळे कॉम्प्युटर काकांच्या ताब्यात. काका वडीगोद्रीचे, शेतकऱ्याघरचे. मी नुकतीच कामाला लागले होते. इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. रोज सकाळी उगवणीच्या नोंदींवरून कॉम्प्युटरवर एक जॉब, म्हणजे ठरलेला प्रोग्राम, चालायचा आणि त्या दिवशी कोणतं बियाणं पाठवायचं याची यादी निघायची. तो अडकला की बाहेर ट्रक खोळंबत आणि मी काकांना शोधत गोदामभर फिरे. सगळे अधिकार देणारा पूर्ण पासवर्ड काकांकडे आणि शेठजींकडे, दोघांकडेच होता.

"पोरीला देऊन टाका ना पूर्ण पासवर्ड," शेठजी एकदा म्हणाले.

"न्हाई शेठजी. आमच्या विहिरीवर चार भावांची पाण्याची बारी हाये. ज्यानं त्यानं आपल्या वावराचा वॉल्व्ह खोलावा. मोटारीच्या पेटीला हात लावायचा न्हाई."

आणि त्यांनी मला तीन कामांपुरते अधिकार दिले: जॉब पाहणं, सुरू करणं, थांबवणं. काम भागलं, पण मला ते लागलं. वाटलं, आपल्यावर विश्वास नाही.

दिवाळीच्या तोंडावर गहू-हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी होती. मला कायम करायचं की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. सकाळी मी जॉब सुरू केला आणि यादी कोरी निघाली. मागच्या नोंदीच नाहीशा झाल्या होत्या.

"मशीनवर कोण होतं?" शेठजींनी विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

काकांनी माझ्या अधिकारांचा कागद छापून टेबलावर ठेवला. "बराबर बघा. पाहणं, सुरू करणं, थांबवणं. हिनं पुसायचं म्हटलं तरी हिला पुसता येत न्हाई. मंग हिला काय इचारून राह्यले?"

शेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काल मी दिवाळीची सफाई केली," ते हळूच म्हणाले. दरवर्षी गादी-गोदाम झाडून घेतात, तसा त्यांनी यंदा कॉम्प्युटरही झाडला होता. जुनं दिसलं ते काढून टाकलं.

"शेठजी, तो झाडू आता मला द्या," काका म्हणाले. शेठजीच आधी हसले.

काकांनी जपून ठेवलेल्या प्रतीवरून दुपारपर्यंत नोंदी परत बसवल्या. पूर्ण पासवर्ड बदलला आणि पाकिटात बंद होऊन तिजोरीत गेला. मी माठाजवळ जाऊन दोन पेले पाणी प्यायले. अपुरे वाटलेले ते अधिकारच मला वाचवून गेले होते. त्याच आठवड्यात मी कायम झाले.

पुढे काका निवृत्त झाले आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या दिवशी त्यांचं रोजचं लॉगिन बंद करण्याआधी त्यांनी ते मला उघडून दाखवलं. त्यालाही अधिकार तीनच होते. पाहणं, सुरू करणं, थांबवणं.

"काका, तुम्हालासुद्धा?"

"माझा हात काय वेगळा हाये का, ताई? खरी गरज पडली तरच पेटी उघडायची."

तिजोरीतलं पाकीट टेबलावर आलं. आता नवा पासवर्ड मी ठरवायचा होता. मी टाईप करायला घेतलं आणि काकांनी तोंड कडुलिंबाकडे फिरवलं.

"झालं, काका" म्हणायला मी जरा उशीरच केला.