एका पात्याची मोकळीक

दोंडाईच्याच्या मोटार-स्टँडवर १९३४ सालातल्या एका मंगळवारी तानुबाईला गाडीतून खाली उतरवलं. तिकीट तिच्या मुठीत होतं आणि गाडीत जागाही होती, पण तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. मोटार-सर्व्हिसचा एजंट म्हणाला, "म्हारवाड्यानी शे ना तू? उतर." तानुबाई उतरली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि लेकीच्या बाळंतपणाला शिंदखेड्यापर्यंत पायी गेली. पोचली तेव्हा दिवस मावळला होता आणि मूल केव्हाच झालं होतं.

तिचा मुलगा हिलाल तेव्हा गावच्या कापसाच्या जिनमध्ये इंजिनाला तेल घालायचा. बारा वर्षं त्यानं तेच केलं. पाना फिटरच्या हातात, तेलाची बुधली हिलालच्या हातात, हे ठरलेलं. इंजिनाला विटाळ होतो की काय, हे कुणी त्या इंजिनाला विचारलं नव्हतं. पण हिलाल आंधळा नव्हता. बारा वर्षं डोळे उघडे ठेवून तेल घातलं, तर माणूस फिटरपेक्षा जास्त शिकतो.

आई पायी गेल्याचं कळल्यावर तो चारचौघांत म्हणाला, "मी मोटार करसू. मन्ही माय पुढलीच सीटवर बसी." लोक पोट धरून हसले. हसू दे, हसायला काय लागतं!

दोन वर्षांनी जिनच्या शेठनं एक जुनी लॉरी भंगारात काढली. तिचं इंजिन आतून फुटल्यासारखं वाजायचं. हिलालनं ती मागितली, आणि जागा अडली होती म्हणून शेठ म्हणाला, घेऊन जा. सहा जणांनी ढकलत ती महारवाड्यात आणली. लिंबाखाली इंजिन उतरवलं, पोतं अंथरून उलटं ठेवलं आणि हिलालनं ते नट-बोल्टासकट मोकळं केलं.

रोग लगेच दिसला. इंजिनाच्या पोटातला मुख्य दांडा, ज्याला मिस्त्री लोक क्रँक म्हणतात, तो मागेपुढे डोळ्यांना दिसेल इतका सरकत होता. त्याला दोन्ही बाजूंनी आवरून धरणारी बेअरिंगची कड झिजून गेली होती. गाडीचा क्लच दाबला की दांडा पुढं ढकलला जायचा आणि ठोके बसायचे. हिलालनं पांढरा धातू वितळवून नवी कड ओतली. धातू जेमतेम तेवढाच होता, पुन्हा ओतायला कणभरही उरला नाही.

आणि इथं त्यानं चूक केली. दांडा सरकतो म्हणून इंजिन मेलं, तर आता तो केसभरही सरकायला नको, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. कड अशी घट्ट बसवली की दांडा हलायचं नाव घेईना. त्याला फार अभिमान वाटला. इंजिन गाडीत चढवलं, तिघांनी हँडल मारून सुरू केलं. महारवाडा टाळ्या वाजवायला लागला. टाळ्या संपायच्या आत इंजिन तापलं, कण्हलं आणि जागच्या जागी गच्च झालं.

स्टँडवरच्या गाड्या दुरुस्त करणारा सुकदेव मिस्त्री मुद्दाम बघायला आला होता. वाड्याच्या बाहेरच उभा राहून तो म्हणाला, "हिलाल, तेल टाकनं येगळं नि इंजिन बांधनं येगळं. तू आपली बुधली धर."

"कितली मोकळीक ठेवतस, मिस्त्री?" हिलालनं सरळ विचारलं.

"ते तुले काय करनं?" म्हणत सुकदेव निघून गेला. त्याच्याकडे फट मोजायचं विलायती पोलादी पट्ट्यांचं माप होतं. ते त्यानं कधी कुणाला दाखवलं नाही, हिलालला तर सोडाच.

हिलालनं इंजिन पुन्हा उतरवून मोकळं केलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही. तानुबाई भाकरी घेऊन आली, तोंड वासून पडलेल्या इंजिनाकडे बघितलं आणि म्हणाली, "गाडानं चाक बी आखवर इकडे तिकडे सरकस. म्हणीसन तं फिरस. तू तं पाचर ठोकी दिन्ही!"

खरंच तर होतं. तापलेलं लोखंड वाढतं, त्याला वाढायला जागा हवी आणि मध्ये तेल राहायला जागा हवी. बारा वर्षं तेल घालणाऱ्या माणसाला हे आईनं सांगावं लागलं, याची हिलालला लाज वाटली आणि हसूही आलं. पण जागा किती? जास्त खरडलं तर पुन्हा ठोके, आणि खरडलेला धातू परत चिकटवता येत नाही.

मापाचं उत्तर त्याच्या घरातच होतं. गावचा न्हावी त्याच्या गालाला हात लावत नसे, म्हणून तो दाढी स्वतः करायचा, धुळ्याहून आणलेल्या पात्यानं. पातळ, सरळ, सगळीकडे सारख्या जाडीचं पोलाद. सुट्टीच्या दिवशी तो दोन पाती घेऊन जिनमध्ये गेला, मोठ्या इंजिनाचा दांडा पहारीनं एका अंगाला सरकवला आणि फटीत पाती घालून बघितली. दोन जात होती. ते इंजिन हत्तीएवढं, हे बकरीएवढं. इथं एक जावं, दुसरं जाऊ नये.

मग अकरा दिवस चालले. जुन्या कानशीला धार लावून तिची खरडणी केली. दांड्याला काजळी फासायची, बसवायचा, फिरवायचा, काढायचा, कडेवर जिथं काळं उमटलं तिथंच हलकेच खरडायचं. पुन्हा बसवायचा, पहारीनं रेटायचा, पातं लावायचं. जात नाही. पुन्हा काढायचा. हात दमला की काम ठेवून द्यायचं. अकराव्या दिवशी दुपारी पातं तेल लावल्यासारखं आत गेलं. हिलालनं त्यावर दुसरं ठेवून बघितलं. नाही गेलं. त्यानं मोठ्यानं ओरडून सगळ्या वाड्याला सांगितलं, आणि कुणाला काही समजलं नाही तरी सगळे खूश झाले.

धुळ्याच्या पोलीस कचेरीत गाडी पास व्हावी लागे. तपासणीच्या म्हाताऱ्या पारशी साहेबानं इंजिन तासभर चालू ठेवायला लावलं. मग ते बंद करवून एकाला क्लच दाबायला सांगितलं आणि स्वतः दांड्याच्या पुढच्या टोकावरच्या पुलीवर बोट ठेवलं. पुली कळेल न कळेल इतकी हलली. "किसने बांधा?" साहेबानं विचारलं. "मैंने," हिलाल म्हणाला. स्टँडवरची गाडी पास करायला घेऊन आलेला सुकदेव मिस्त्री बाजूलाच उभा होता, त्याचं तोंड कडू झालं. साहेबानं सही केली.

पहिल्या मंगळवारी हिलालनं गाडी थेट बाजाराच्या तोंडाशी, सर्व्हिसच्या गाडीच्या नाकासमोर लावली. मागं वाड्यातली माणसं, दोन भिल्ल बायका, एक तेली बसले. पुढं, हिलालच्या शेजारी, तानुबाई. सर्व्हिसची गाडी भरून निघून गेली आणि तेवढ्यात गावचे रुपचंद पाटील धापा टाकत आले. धुळ्याला कोर्टाची तारीख होती. ते पुढच्या दाराशी आले आणि काही न बोलता उभे राहिले. त्यांना बोलायची गरज कधी पडलीच नव्हती.

तानुबाईनं बोचकं उचललं. कुणी सांगितलं नव्हतं, पाठ आपोआप वाकली, पाय खाली सुटले. साठ वर्षांची सवय होती ती. ते बघून हिलालनं तिच्या बोचक्यावर हात ठेवला.

"बठ, माय," तो म्हणाला. मग पाटलांकडे बघून म्हणाला, "आबा, मांगे जागा शे."

सगळा बाजार बघत होता. पाटलांनी मागं बघितलं, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, घड्याळ काढून बघितलं. हिलालनं गाडी गिअरमध्ये टाकली. पाटील मागं चढले आणि तेल्याशेजारी अंग चोरून बसले.

तानुबाई बोचकं मांडीवर घेऊन बसून राहिली. ती उठली ती थेट धुळ्यात.